कॉन्टेक्स्ट म्हणजे स्टोअर नव्हे

रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत एकच माहिती दहा कंपोनंटना (पानाच्या तुकड्यांना) लागायला लागली की "रिअ‍ॅक्टचा स्वतःचा कॉन्टेक्स्ट वापरू की रिडक्स ही वेगळी लायब्ररी?" हा प्रश्न हमखास निघतो. खरं तर प्रश्नच जरा वाकडा आहे. कॉन्टेक्स्ट स्टेट, म्हणजे वेळोवेळी बदलणारी माहिती, सांभाळत नाही. वरचं मूल्य मधल्या कंपोनंटच्या हातून न फिरवता थेट खाली पोचवतो, एवढंच त्याचं काम. स्टेट राहते रिअ‍ॅक्टच्या युजस्टेट किंवा युजरिड्युसर या फंक्शनांमध्ये. रिडक्सचं स्टोअर (स्टेट ठेवायची जागा) मात्र कंपोनंटच्या झाडाबाहेर असतं आणि बदल झाला की सबस्क्राइब केलेल्यांना कळवतं. गंमत म्हणजे दोघांना जोडणारं रिअ‍ॅक्ट-रिडक्स आतून कॉन्टेक्स्टच वापरतं, पण स्टोअर खाली पोचवायला. २०१८ अखेरच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी स्टेटच कॉन्टेक्स्टमधून पाठवून पाहिली, वेग मार खायला लागला, आणि २०१९ च्या सातव्या आवृत्तीत थेट सबस्क्रिप्शन परत आलं.

वेग का मार खातो, ते री-रेंडरमध्ये, म्हणजे कंपोनंट पुन्हा काढला जाण्यात, दिसतं. समजा युजर, थीम आणि सर्च बॉक्समधला मजकूर एकाच ऑब्जेक्टमध्ये कोंबून प्रोव्हायडरला (कॉन्टेक्स्टचं मूल्य पुरवणाऱ्या कंपोनंटला) दिलाय. एक अक्षर टाइप केलं की ऑब्जेक्ट नवा, आणि तो कॉन्टेक्स्ट वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो. फक्त थीम वाचणारं बटणसुद्धा. त्या बटणाला मेमोत (विनाकारण री-रेंडर टाळणाऱ्या वेष्टनात) गुंडाळून काही साधत नाही, कारण मेमो प्रॉप्स (पालकाकडून येणारी मूल्यं) तपासतो, कॉन्टेक्स्ट त्याला वळसा घालून येतो. इथे बरेच जण युजमेमो (आधी काढलेलं मूल्य जपून ठेवणारं फंक्शन) लावतात आणि काहीच सुधारलं नाही म्हणून वैतागतात. युजमेमोचा उपयोग दुसऱ्या दुखण्यावर आहे: मजकूर तोच असूनही प्रोव्हायडरचा पालक रेंडर झाल्यामुळे ऑब्जेक्ट नव्याने बनतो तेव्हा. वरच्या उदाहरणात मजकूर खरोखरच बदललाय. तिथे कॉन्टेक्स्ट तोडून तीन करावे लागतात. डिस्पॅच, म्हणजे युजरिड्युसरला बदल कळवणारं फंक्शन, हेही वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवा; त्याचा रेफरन्स (मेमरीतली ओळख) बदलत नाही, म्हणून नुसतं डिस्पॅच करणारे कंपोनंट शांत राहतात.

रिडक्समध्ये डिस्पॅचनंतर स्टेट बदलली की युजसिलेक्टरमधले सिलेक्टर (स्टेटमधून हवा तो भाग काढणारी फंक्शन्स) पुन्हा तपासले जातात, पण री-रेंडर होतो तो निकाल आधीच्यापेक्षा वेगळा आला तरच. सापळा इथेच आहे. सिलेक्टरमध्ये फिल्टर लावला किंवा दोन फील्ड जोडून ऑब्जेक्ट परत केला, तर दर वेळी नवा रेफरन्स मिळतो आणि सगळा फायदा पाण्यात जातो. दोन फील्डसाठी दोन युजसिलेक्टर लिहा, फिल्टरसाठी आधीचा निकाल लक्षात ठेवणारा क्रिएटसिलेक्टर वापरा.

थीम, भाषा, लॉगिन झालेला युजर असं क्वचित बदलणारं काही असेल तर कॉन्टेक्स्ट पुरतो. त्यासाठी रिडक्स आणणं म्हणजे उगाच पसारा. कार्टसारखी, चार ठिकाणांहून बदलणारी आणि "हे कोणी बदललं?" असं विचारायला लावणारी स्टेट स्टोअरमध्ये ठेवा. सर्व्हरवरून आणलेल्या याद्या दोन्हींत हाताने भरू नका, त्यासाठी टॅनस्टॅक क्वेरी किंवा आरटीके (रिडक्स टूलकिट) क्वेरी आहे.

सर्व्हर-साइड रेंडरिंग (पान सर्व्हरवरच तयार करणं) असेल तर स्टोअर फाइलच्या वरच्या पातळीवर एकदाच बनवून ठेवू नका. ती फाइल सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये सगळ्या रिक्वेस्टना सामाईक असते, त्यामुळे एका युजरचा कार्ट दुसऱ्याच्या पानावर उमटू शकतो. स्टोअर बनवणारं फंक्शन लिहा आणि दर रिक्वेस्टला त्यातून नवं स्टोअर घ्या.