सँड बग्गीची मागची चाकं आणि टायर

सँड बग्गी म्हणजे वाळूत पळवायची हलकी, उघडी गाडी. इंजिन शक्यतो मागे आणि ताकदही फक्त मागच्या दोन चाकांना, त्यामुळे मागे कुठल्या मापाची रिम आणि टायर बसवायचा यावर गाडी टेकडी चढणार की अर्ध्यात रुतून बसणार हे ठरतं. हा प्रकार मुळात अमेरिकेतला, कॅलिफोर्नियाचे ग्लॅमिस आणि पिस्मो, ओरेगॉनचा किनारा, युटाचं लिटल सहारा ही त्याची माहेरघरं. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्सने कॅलिफोर्नियातच पहिली फायबरग्लासची मेयर्स मॅन्क्स बग्गी बनवली, पुढे तिचे किट निघाले ते फोक्सवॅगन बीटलची चॅसी साधारण ३६ सेंटीमीटर कापून आखूड करून त्यावर बसवायचे. अगदी छोट्या बग्गीचं नाव घ्यायचं तर होंडा ओडिसी एफएल२५० (१९७७ ते १९८४), एक सीट, टू-स्ट्रोक इंजिन, बेल्टचं ऑटोमॅटिक, आणि मागे स्प्रिंग-शॉक काही नाहीच, टायरमधली हवा हेच सस्पेन्शन.

आधी माप वाचायला शिकायचं. छोट्या बग्गीला एटीव्हीचे (मोटरसायकलसारख्या चारचाकी ऑफ-रोड गाडीचे) टायर लागतात, त्यावर २२×११-८ असं लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरून उंची २२ इंच, रुंदी ११ इंच आणि रिम ८ इंची. हे कंपनीचं छापील माप असतं, हवा भरल्यावर टेप लावून बघितलं तर थोडंफार इकडेतिकडे निघतंच.

बहुतेक जण आधी रुंदी बघतात, जाड टायर दिसायला भारी वाटतो म्हणून. पण खरं पहिलं माप उंचीचं, कारण उंची बदलली की गिअरिंग बदललं. २२ इंची टायर एका फेऱ्यात साधारण १.७६ मीटर जातो आणि २५ इंची साधारण २ मीटर, म्हणजे ऐकायला टॉप स्पीड वाढला, पण त्याच इंजिनाचा वाळूवरचा जोर १२ टक्के कमी झाला, आणि कोरड्या वाळूत छोट्या इंजिनाकडे द्यायला १२ टक्के नसतातच, चढावर आरपीएम पडला की तो परत येत नाही आणि गाडी थांबली की संपलं. चेनची बग्गी असेल तर उपाय सोपा आहे, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ४४ दातांचं असेल तर ५० चं लावायचं, हिशोब तंतोतंत जुळतो. बीटलच्या गिअरबॉक्सला ही सोय नाही. तिथे पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.८० आणि जुन्या बऱ्याच डब्यांत फायनलचं, म्हणजे शेवटच्या दातेरी जोडीचं, ४.३७५, गुणाकार १६.६ च्या आसपास (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे तेवढे फेरे), आणि मूळ टायर ५.६०-१५ म्हणजे उंचीला जेमतेम २५ इंच. त्याजागी ३१ इंची चढवला की पहिला गिअर दुसऱ्याच्या वाटेला लागतो आणि क्लच जळू शकतो.

मग उंच टायर घेतात तरी कशाला? वाळूत चाक जेवढं रुततं तेवढा ते स्वतःपुढेच वाळूचा बांध उभा करतं आणि इंजिनाची ताकद तो बांध चढण्यातच जाते. उंच चाकाचा ठसा, म्हणजे टायर जमिनीला टेकतो तो भाग, लांबट पडतो, आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचा लांबट ठसा आखूड-रुंद ठशापेक्षा वाळूला कमी अडतो. मिएचिस्लाव्ह बेकर या मूळच्या पोलिश इंजिनिअरने या विषयाचं शास्त्रच उभं केलं, चंद्रावरच्या रोव्हरवरही त्याने काम केलं, आणि १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर गेलेल्या त्या रोव्हरची चाकं ३२ इंच उंच आणि रुंदीला फक्त ९ इंच होती! म्हणून माझं सरळ मत असं, की इंजिन आणि गिअरिंग जेवढी उंची ओढू शकतं तेवढी आधी घ्यावी, रुंदी नंतर.

हवेचा भाग तर फुकटचा. मागच्या एका टायरवर १२० किलो वजन येतंय असं धरलं, तर १२ पीएसआयला ठसा ढोबळ २२ चौरस इंच पडतो आणि ६ पीएसआयला ४४, टायर न बदलता दुप्पट. (कोकणात बीचवर गाडी रुतली की हवा कमी करतात ते यासाठीच.) फक्त हवा इतकी कमी ठेवली की वळताना टायर रिमवरून निसटू शकतो, त्यासाठी बीडलॉक रिम येते, टायरची कड रिंग आणि बोल्टने आवळून धरणारी, पण तिचं वजन वाढतं आणि छोट्या इंजिनाला तेही फिरवावं लागतंच.

नुसत्या वाळूत पळवायची असेल तर मागे पॅडल टायर, म्हणजे गुळगुळीत टायरवर रबराच्या आडव्या पट्ट्या, नावेच्या वल्ह्यासारख्या. पट्ट्या जास्त आणि उंच असल्या की पकड जास्त पण इंजिनही तसं लागतं, छोट्याला कमी आणि बुटक्या पट्ट्याच बऱ्या. बसवताना दिशा चुकवू नये, टायरच्या वरच्या टोकाला पट्टीची खोलगट बाजू पुढे दिसली पाहिजे. कडक जमिनीवर हे टायर हादरे देतात आणि झिजतात, त्यामुळे मिश्र वाटेला साधे गुठळीदार टायर घ्यावेत.

रिम घेताना बोल्टचं वर्तुळ, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, मोजायचं. जुन्या बीटलला ५ बोल्ट २०५ मिलिमीटरवर, नंतरच्याला ४ बोल्ट १३० वर, एटीव्हीच्या मागच्या हबला बऱ्याचदा ४ बोल्ट ११० किंवा ११५ वर, आणि ११०-११५ डोळ्याला सारखंच दिसतं पण बसत नाही. ऑफसेट बाहेरचा घेतला, म्हणजे चाक हबपासून बाहेर सरकलं, तर गाडी रुंद होऊन तिरक्या उतारावर स्थिर राहते, मात्र बेअरिंगवर ताण वाढतो. आणि मागचा एक्सल अखंड असेल, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसेल, तर दोन्ही टायरचा घेर टेपने मोजून सारखा करून घ्यावा, दोघांत फरक असला तर गाडी सरळ रेषेतही एका बाजूला ओढत राहते, आणि तो फरक बऱ्याचदा नुसत्या हवेचा असतो.