पायदान, मोटारसायकलचे

मोटारसायकलवर बसणाऱ्याचे पाय टेकावेत म्हणून चौकटीला किंवा इंजिनाजवळच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी जोडलेला आडवा दांडा अथवा फळी. गॅरेजात आणि सुट्या भागांच्या दुकानात याला सरसकट फूटरेस्ट म्हणतात. आखूड दांड्याला फूटपेग आणि अख्खा तळवा मावेल अशा सपाट फळीला फूटबोर्ड ही नावे रायडर मंडळींत रूढ आहेत. पायदान हा शब्द टांग्याच्या व बग्गीच्या पायरीसाठी आधीपासून होता. त्यातला ‘दान’ म्हणजे अत्तरदाणी, पिकदाणी या शब्दांत दिसणारा, ठेवण्याची जागा दाखवणारा फार्सी प्रत्यय होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः क्रूझर, म्हणजे ठेंगणी बैठक व पुढे पाय ठेवण्याची सोय असलेल्या, प्रकारच्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवरील पायदानांचा विचार केला आहे.

उगम : पायदानाचे मूळ कोठे शोधावे याविषयी दोन मते संभवतात. पहिले मत त्याला घोड्याच्या रिकिबीचे, म्हणजे स्वाराने पाय ठेवायच्या लटकत्या कडीचे, वंशज मानते. गॉटलीप डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये बनवलेल्या पेट्रोल दुचाकीचे नाव राइटवागन, म्हणजे स्वारीची गाडी, असे होते आणि तिची बैठक खोगिराच्या वळणाची होती, हा या मताचा आधार. मात्र रिकिबीचा स्वतःचाच इतिहास वादात आहे. सांचीच्या शिल्पांत आणि पुणे जिल्ह्यात मळवलीजवळ असलेल्या भाजे लेण्यांत काही घोडेस्वार कोरलेले आहेत. त्यांचा काळ साधारण इ. स. पू. दुसरे ते पहिले शतक असा धरला जातो. याहून काटेकोर कालनिश्चिती धाडसाची ठरेल. या स्वारांची पावले पट्ट्यात किंवा तंगाखाली, म्हणजे घोड्याच्या पोटाभोवतीच्या पट्ट्याखाली, अडकवलेली दिसतात. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी सांचीच्या शिल्पातील रिकीब ही जगातील सर्वांत जुनी, इतर पुराव्यांहून काही शतके आधीची, असे म्हटले होते. पुढच्या अभ्यासकांनी ते जसेच्या तसे स्वीकारलेले नाही. अंगठा अडकवण्याची वादी किंवा तंगाखाली सरकवलेले पाऊल स्वाराचा तोल सावरते, पण त्याचा भार पेलत नाही. आणि भार न पेलणाऱ्या वादीला रिकीब म्हणायचे की नाही, येथे सारा वाद येऊन थांबतो. कडक, भार पेलणाऱ्या रिकिबीचा पुरावा चीनमध्ये अधिक स्पष्ट आहे. चांगशा येथील इ. स. ३०२ च्या थडग्यातील मृण्मूर्तींवर ती एकाच बाजूला, बहुधा केवळ चढण्यापुरती आहे. नानजिंगजवळच्या ३२२ च्या थडग्यात ती जोडीने दिसते. उत्तर येन राज्यातील फंग सुफू याच्या ४१५ च्या थडग्यात तर प्रत्यक्ष जोडीच मिळाली : तुतीचे लाकूड आणि त्यावर मुलामा दिलेला काशाचा पत्रा.

दुसरे मत पायदानाला सायकलीकडून आलेले मानते, आणि यंत्रांच्या दाखल्यांवरून पाहता तेच अधिक ग्राह्य वाटते. १८६० च्या दशकातील मिशो बनावटीच्या फ्रेंच वेलोसिपीडचे, म्हणजे आद्य सायकलीचे, पेडल थेट पुढच्या चाकाला बसवलेले असे. उतारावर चाकाबरोबर पेडलही गरगर फिरू लागे. तेव्हा पाय उचलून ठेवण्यासाठी चौकटीच्या पुढच्या टोकाला दोन आडवे टेकू दिलेले असत. फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबवूनही चाक फिरू देणारी रचना, येण्यापूर्वीच्या सायकलींवरही पुढच्या फोर्कला अशाच खुंट्या दिसतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारसायकली बऱ्याच अंशी इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. गाडी सुरू करायला आणि चढणीवर इंजिनाला हातभार लावायला पेडल लागे. आइल ऑफ मॅनवरील टीटी शर्यतीत १९०८ पासून पेडलला बंदी आली आणि त्याच सुमारास इंग्लंडमधील स्कॉट कंपनीच्या गाडीला किक बसली. पेडल गेले, पाय ठेवायला त्याच जागी खुंटी उरली.

असे असले तरी रिकिबीचा दाखला अगदीच टाकाऊ नाही. रिकिबीचा खरा गुण टेकण्यात नसून तिच्यावर उभे राहता येण्यात आहे. वेलोसिपीडच्या टेकूचा गुण नेमका उलटा : पायांना काम नसेल तेव्हा त्यांना बाजूला, पुढे ठेवून देणे. क्रूझरवरच्या पायदानाची निवड आजही या दोन गुणांच्या ओढाताणीतच होते.

अमेरिकी व ब्रिटिश घडण : अमेरिकेत फूटबोर्ड लवकर रुळला. हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांवर तो १९१४ च्या सुमारास येतो. तेथे गिअर हाताने आणि क्लच पायाने चालवण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली. टाच व चवडा आळीपाळीने दाबायच्या क्लचला पायाखाली फळी असणे सोयीचेच होते. ब्रिटनमध्ये खुंटी टिकली. व्हेलोसेट कंपनीच्या हॅरल्ड विलिस याने १९२८ च्या सुमारास शर्यतीच्या गाडीसाठी प्रत्येक गिअरनंतर आपोआप मूळ जागी येणारा पायाचा खटका सिद्ध केला. तेव्हापासून खुंटी हा पावलाचा टेकू झाला आणि चवडा गिअरसाठी मोकळा राहिला. हार्लेच्या मोठ्या गाड्यांवर पायाचा गिअर १९५२ मध्ये आला. गिअर कोणत्या बाजूला हा प्रश्न त्यानंतरही बराच काळ लोंबकळत राहिला. अमेरिकेच्या केंद्रीय सुरक्षा मानकाने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो डावीकडे पक्का केला. भारतात मात्र रॉयल एनफील्डच्या बुलेटचा गिअर त्यानंतरही कित्येक वर्षे उजव्या पायाखाली होता. जुन्या बुलेटवरून नव्या गाडीवर आलेला माणूस ब्रेक म्हणून गिअर दाबतो, हे गॅरेजवाल्यांनी पुष्कळदा पाहिलेले असते.

१९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले गेले. तासन्‌तास सरळ, सपाट आणि एकाच वेगाने जाणाऱ्या रस्त्यावर पायांना काही काम उरत नाही. इंजिनाभोवतीच्या संरक्षक नळीवर पुढे बसवायच्या जादा खुंट्यांचा, म्हणजे हायवे पेगचा, प्रसार या रस्त्यांशी जुळतो. १९६० च्या दशकातील चॉपर, म्हणजे लांब फोर्कच्या, हौसेने बदलून घेतलेल्या, गाड्यांनी गिअर व ब्रेकसकट सगळेच पुढे नेले आणि हार्लेने १९८० च्या वाइड ग्लाइड प्रतिमानात ही ठेवण कारखान्यातूनच दिली.

शरीर व यंत्र : माणसाच्या एका पायाचे वजन शरीराच्या साधारण एक षष्ठांश असते, ७० किलोच्या माणसाचा एक पाय ११ किलोंच्या आसपास भरतो. पायदान बैठकीच्या जवळजवळ खाली असेल तर या वजनाचा मोठा भाग, आणि खड्ड्यात थोडे उठल्यास धडाचाही भार, पायदान पेलते. पायदान पुढे सरकत जाईल तसा मांड्यांचा भार बैठकीवर येतो, ओटीपोट मागे कलते, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि धक्का माकडहाडातून थेट मणक्यात जातो. शोरूममध्ये पाच मिनिटे बसून पाहणाऱ्याला पुढचे पायदान हमखास आरामशीर वाटते, कारण तेथे गाडी उभी असते. ताशी १०० किमी वेगात समोरचा वारा पसरलेल्या पायांना मागे व बाजूला ढकलतो आणि शरीर मागे जाऊ नये म्हणून हात हँडलला आकड्यासारखे लटकतात. तासाभराने दुखू लागतात ते खांदे; दोष पायदानाचा असतो हे लक्षातही येत नाही.

याउलट पायदान फार वर व मागे असेल तर गुडघा काटकोनाच्या आत दुमडतो. उंच माणसाला हा त्रास आधी होतो. त्यावर पायदान खाली आणणारे जोड मिळतात, पण त्यांची किंमत वळणावर मोजावी लागते. पायदानाचे टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ३५ सेंमी दूर आणि जमिनीपासून ३० सेंमी उंच असेल, तर टायरची रुंदी सोडून देता ते सुमारे ४०° कलल्यावर रस्त्याला लागेल. तेच ५ सेंमी खाली आणले की ३५° वरच लागेल. रुंद फूटबोर्ड याहूनही आधी घासतात. म्हणूनच पायदान वर दुमडणारे असावे लागते आणि काही गाड्यांत त्याच्या टोकाला खाली एक लहान बोल्ट दिलेला असतो. तो रस्त्याला लागून खर्रकन आवाज झाला की याहून कलू नये. गुडघ्यासाठी जागा हवी असल्यास पायदान खाली नेण्यापेक्षा बैठक दोन-तीन सेंमी उंच करून घेणे बहुधा श्रेयस्कर. कुशनवाला ते काम एका दिवसात करून देतो. अर्थात उभ्या गाडीवर पाय जमिनीला पुरले पाहिजेत.

कंप हा तिसरा घटक. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असताना सेकंदाला सुमारे ६७ झटके चौकटीत सोडते. इंजिनातला तोल साधणारा दांडा, बॅलन्सर शाफ्ट, त्यातले बरेच गिळतो, उरलेले पायदानाच्या रबराने गिळायचे. पायांना सतत कंप लागला की बोटांचा रक्तपुरवठा मंदावून ती पांढरी पडतात, हा विकार कंपणाऱ्या फलाटांवर उभे राहणाऱ्या खाणकामगारांत नोंदला गेला आहे. मोटारसायकलस्वाराला तेवढा धोका नसला, तरी दोनशे किलोमीटरनंतर बुटातला तळवा मुंग्या येऊन बधिर होतो, तो याच जातीचा. जाड रबर कंप अडवते, पण फार मऊ असेल तर पाऊल सरकते आणि उभे राहताना खुंटी पायाखाली गुंडाळल्यासारखी वाटते. दात असलेली रुंद लोखंडी पायदाने चिखलात, उभ्याने चालवण्यासाठी आहेत. ती महामार्गावर लावून बुटाचा तळ झिजवण्यात अर्थ नाही. पातळ तळाच्या चपलेला कोणतेही पायदान टोचते. हा दोष मात्र पायदानाचा नव्हे.

भारतातील स्थिती : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला कायमची हातपकड, पायदान आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण आवश्यक आहे. हे आवरण म्हणजेच साडीगार्ड. त्याच्या खाली डाव्या बाजूला, दोन्ही पाय एकीकडे टाकून बसणाऱ्या बाईसाठी जी सपाट पट्टी असते, तिला दुकानदार लेडीज फूटरेस्ट म्हणतात. फूटबोर्डाचा भारतातला खरा प्रसार या पट्टीच्या रूपानेच झाला, असे म्हणण्यास जागा आहे.

क्रूझरची ठेवण सर्वसामान्यांपर्यंत आणण्यात पुण्याच्या बजाज ऑटोचा वाटा मोठा आहे. २००१ मधील कावासाकी बजाज एलिमिनेटर आणि तिच्या वळणावर आलेली २००५ ची अ‍ॅव्हेंजर यांत बैठक ठेंगणी व पायदान पुढे होते. रॉयल एनफील्डच्या २०२० मधील मीटिऑर ३५० मध्ये बैठक ७६५ मिमी उंचीवर असून पायदान पुढे असले, तरी चॉपरइतके पुढे नाही. भारतीय रस्त्यांना ही मधली जागा मानवते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही. जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढावा लागतो. कोकणात उतरायचे तर वरंधा, कुंभार्ली, आंबा यांपैकी एखादा घाट आहेच. अशा वाटेवर अचानक गतिरोधक आला की पायदानावर उभे राहून गुडघ्यांनी धक्का घेता आला पाहिजे, आणि पाय पुढे ताणलेले असताना ते जमत नाही.

आपल्याकडे हायवे पेगचे काम बहुधा लेगगार्डवरच उरकले जाते. नळीवर रबर गुंडाळून त्यावर पोटऱ्या टाकणारे स्वार पुणे-बंगळूर रस्त्यावर कोणत्याही रविवारी दिसतात. नळी गुळगुळीत असते, पाऊल अडकायला काही नसते आणि मागचा ब्रेक दूर राहतो. ताशी ८० किमी वेगात ब्रेकवर पाय यायला एका सेकंदाचा उशीर झाला तरी गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. खास हायवे पेग लावला तरी हा हिशेब बदलत नाही. तो मोकळ्या, सरळ रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे पाय ताणण्यापुरताच असावा, मुख्य पायदानाला पर्याय म्हणून नव्हे.

निवडीतील तपशील : दिवसभराच्या प्रवासात कोणतीही एक ठेवण आरामाची राहत नाही, पाऊल मागेपुढे सरकवायला जागा किती, हे पायदानाच्या मऊपणापेक्षा महत्त्वाचे आहे. या बाबतीत फूटबोर्ड सरस, आणि भारतीय गाड्यांवरचा टाच-चवड्याचा गिअर अडचणीचा. त्याचा मागचा फाटा डाव्या पावलाला एकाच जागी कोंडतो. बूट घालणारे काही स्वार तो काढून टाकतात. चप्पल घालणाऱ्यांना तो हवाच असतो. उजव्या पायाची अडचण वेगळी. पायदान बदलले आणि ब्रेकच्या खटक्याची उंची जुनीच राहिली, तर चवडा नकळत ब्रेकवर टेकून राहतो, मागचा दिवा सतत पेटलेला दिसतो आणि ब्रेकचा लायनर तापतो. पायदान पुढे नेणाऱ्या संचात गिअर व ब्रेकचे लांब दांडे नसतील, तर तो संच घेऊ नये.

जुन्या गाडीवर नवे पायदान बसवण्याआधी जुने हाताने वरखाली हलवून पाहावे. बिजागरीचे भोक लांबट झालेले असेल, तर नवा दांडाही पिनवर खडखडत राहतो आणि रबराने अडवलेला कंप तेथून परत येतो. भोक भरून नव्याने पाडणे किंवा पट्टीच बदलणे हा त्यावर उपाय. बिजागरीची पिन निसटू नये म्हणून टोके वाकवून घालायची स्प्लिट पिन मात्र दरवेळी नवी घालावी. जुनी सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन कधी गळून पडते ते कळत नाही, आणि पायदान पाऊल ठेवल्यावरच निसटते.