शिंदीच्या तेरा खाचा

घणसोलीत नाल्याच्या काठी, एका सोसायटीच्या कुंपणाला खेटून एक शिंदी, म्हणजे रानखजूर, उभी आहे. खोड नागमोडी, जणू कुणी डावी-उजवीकडून चावे घेतलेत. परवा खाली उभा राहून खाचा मोजल्या: एका अंगाला सात, दुसऱ्या अंगाला सहा. म्हणजे तेरा हंगाम. जुन्या दारूभट्टीचे अवशेष म्हटले की आपण पडकी चिमणी शोधतो. इथे वाडीवाडीतली भट्टी म्हणजे मुळात झाडच, आणि त्याला विस्तवसुद्धा लागत नव्हता.

थंडीत शेंड्याखालच्या एका बाजूच्या झावळ्या छाटायच्या, कोवळा भाग तासायचा आणि पाझरणारा रस मडक्यात धरायचा. पुढच्या हंगामात उलट बाजूने. आंब्याला अशी जखम केली तर काही वर्षांत साल ती झाकून टाकते. शिंदी ताडाच्या कुळातली. तिच्या खोडात सालीखाली नवं लाकूड घालणारा थर नसतो. वाढ फक्त शेंड्याला. त्यामुळे खाच जिथे पडली तिथेच, तशीच राहते.

ताज्या रसात साधारण दहा-बारा टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना फासला तर तो रस गोड नीरा म्हणून टिकतो, कारण चुन्यात जंतूंचं फावत नाही. नाही फासला, तर दुपारपर्यंत फेस येऊन ताडी. विरजण कुणी घालत नाही. कालच्या मडक्याच्या भेगांत यीस्ट बसलेलंच असतं. त्याच्या जोडीला 'झायमोमोनास मोबिलिस' नावाचा जिवाणू. साखरेतून अल्कोहोल काढण्यात तो यीस्टपेक्षाही काटकसरी, कारण स्वतःचं अंग वाढवण्यात तो फार कमी साखर घालवतो. गंमत अशी की हाच जिवाणू बिअरच्या कारखान्यात शिरला तर बिअर नासली म्हणतात. संध्याकाळनंतर आंबट करणारे जंतू कामाला लागतात आणि ताडीचा शिरका व्हायला लागतो. म्हणून ताडी दूर जात नसे. ज्या गावचं झाड, त्याच गावचा गिऱ्हाईक.

दूर जात असे ती मोहाची. वाळलेल्या मोहफुलांत निम्म्याहून जास्त साखर. फुलं आंबवून उकळायची. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला, म्हणून आधी वाफेत जास्त तोच चढतो. एकोणिसाव्या शतकात उरणच्या भट्ट्यांमधून अशी दारू मुंबईला जाई. मग कायदे आले. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडीच्या झाडावरचा कर ताडी काढणाऱ्या भंडारी समाजाला जड झाला, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहफुलं साठवण्यावरच बंधन आणलं. फुलांवर पहारा! १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. चोरट्या हातभट्टीत पुढे मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला, त्याला ना झाड लागत होतं ना हंगाम.

घणसोलीच्या शिंदीची शेवटची खाच माझ्या डोक्याच्या बरीच वर आहे. तिच्यावर चारेक हात खोड कोरं आहे, आणि मग झावळ्या.