तुर्की लेखनातला जोडलेला ‘दे’ आणि सुटा ‘दे’

तुर्की भाषेत ‘दे’ दोन आहेत. एक नावाला चिकटून येतो आणि जागा सांगतो: “एवदे” म्हणजे घरात. दुसरा सुटा लिहितात आणि तो आपल्या ‘ही’चं काम करतो: “एव दे” म्हणजे घरही. ऐकायला दोन्ही जवळजवळ सारखे, लिहिताना मात्र मध्ये एक मोकळी जागा. तुर्कस्तानात वाढलेली, घरीदारी तुर्कीच बोलणारी मुलंही इथे गुण घालवतात, आणि मोठी माणसं मोबाइलवर निरोप लिहिताना सर्रास चुकतात. तेव्हा बाहेरून तुर्की शिकणाऱ्याने यावर आठवडाभर घालवला तरी तो वेळ वाया जात नाही.

आठवीनंतर तिथे एलजीएस नावाची परीक्षा असते, निवडक उच्च माध्यमिक शाळांच्या प्रवेशासाठी. तिच्यात तुर्कीचे २० बहुपर्यायी प्रश्न येतात, आणि तीन उत्तरं चुकली की एक बरोबर उत्तर वजा होतं. चार वाक्यं देऊन शुद्धलेखनाची चूक कशात आहे असं विचारलं, की ‘दे’कडे आधी बघावं. शाळेच्या लेखी परीक्षेत अडचण वेगळी असते. तिथे उत्तर आपल्याच शब्दांत लिहायचं असतं, पर्याय समोर नसतात, आणि घाईत हात नेहमीच्या सवयीने सगळं जोडून टाकतो.

मराठी माणसाकडे यावर एक फार चांगलं हत्यार आहे. वाक्य मनात मराठीत आणा. ‘ही’ किंवा ‘सुद्धा’ आलं तर ‘दे’ सुटा. ‘त’, ‘वर’, ‘कडे’, ‘वाजता’ असं काही आलं तर जोडलेला. “बेन दे गेल्दिम”: मीही आलो. “बेनदे पारा योक”: माझ्याकडे पैसे नाहीत. दोन्ही एकत्र आले तरी क्रम आपलाच राहतो. ‘घरातही’ म्हणताना आपण आधी ‘त’ लावतो, मग ‘ही’. तुर्कीत “एवदे दे”. पहिला चिकटलेला, दुसरा सुटा. हे एक उदाहरण नीट मुरलं की निम्मं काम झालं. सावध राहायचं ते एवढ्यासाठी की मराठीत आपण ‘त’ आणि ‘ही’ दोन्ही जोडूनच लिहितो. त्यामुळे अर्थ कळतो, तरी सुटं लिहायची सवय हाताला नसते. ती मुद्दाम लावावी लागते.

तुर्की शिक्षक मुलांना दुसरी कसोटी शिकवतात: ‘दे’ काढून बघ. “किताप दा मासादा” हे वाक्य घ्या, म्हणजे पुस्तकही टेबलावर आहे. (‘दे’चा ‘दा’ झाला तो आधीच्या स्वरामुळे, आ, ओ, उ अशा स्वरांनंतर ‘दा’ येतो, आणि हे दोघांनाही लागू आहे.) पहिला ‘दा’ काढला तर “किताप मासादा” उरतं: पुस्तक टेबलावर आहे. वाक्य शाबूत, फक्त ‘ही’ गेला. दुसरा काढला तर “किताप दा मासा”, पुस्तकही टेबल, आणि वाक्य कोसळतं. जो काढल्यावर वाक्य उभं राहतं, तो सुटा.

ही कसोटी दोन ठिकाणी पुरत नाही. “या दा” म्हणजे किंवा. यातला ‘दा’ काढून काही हाती लागत नाही, हा शब्द कायम तोडूनच लिहायचा एवढं पाठ असू द्यावं. आणि “गेल्से दे”, आला तरी. इथे मराठीत ‘ही’ दिसत नाही, म्हणून आपली युक्तीही फसते. पण “गेल्से”सारख्या क्रियापदाच्या रूपाला जागा दाखवणारा ‘दे’ लागतच नाही, त्यामुळे तिथे तो सुटाच असणार.

आता खरा अवघड भाग. जोडलेला ‘दे’ कठोर व्यंजनानंतर ‘ते’ किंवा ‘ता’ होतो. फ, स, त, क, च, श, ह, प ही ती आठ व्यंजनं. तुर्की मुलं ती “फिस्तिकची शाहाप” (पिस्तेवाला शाहाप) या नावात बसवून लक्षात ठेवतात. म्हणून “कितापता योक” म्हणजे पुस्तकात नाही. सुट्यातला ‘द’ मात्र कधीच बदलत नाही: “किताप दा योक”, पुस्तकही नाही. बोलताना तोही थोडा ‘ता’कडे झुकतो, आणि कानावर विसंबून “किताप ता” लिहिलं की चूक झालीच. तुर्कीत सुटा ‘ते’ किंवा सुटा ‘ता’ नसतो. पर्यायांत तो दिसला की उत्तर सापडलं.

विशेषनामांना जोडलेला ‘दे’ लावताना मध्ये वरचा स्वल्पविराम येतो. “आयशे’दे काल्दी”, आयशेकडे राहिला. “आयशे दे काल्दी”, आयशेही राहिली. सुट्या ‘दे’ला ती खूण कधीच लागत नाही.

श्रुतलेखनात आघाताची मदत होते. “बेनदे” म्हणताना जोर ‘दे’वर पडतो, “बेन दे” म्हणताना ‘बेन’वर. गावांच्या नावांत मात्र जोर जागचा हलत नाही, त्यामुळे “आंकारा’दा” आणि “आंकारा दा” कानाला सारखेच वाटतात. तिथे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय पेन टेकवू नये.

उतारा वाचतानाही सुटा ‘दे’ सोडून पुढे जाऊ नका. “किताप दा मासादा” असं लिहिलंय, म्हणजे टेबलावर आधीपासून आणखी काहीतरी आहे, आणि ते काय हे मागच्या ओळीत सापडेल. आकलनाचे प्रश्न अशाच धाग्यांवर बेतलेले असतात.

तयारीसाठी मी एकच काम सुचवेन. रोज आठ-दहा ओळी तुर्कीत लिहा, आपल्या खोलीबद्दल, घरच्यांबद्दल, काहीही. लिहून झाल्यावर अर्थाकडे न बघता फक्त ‘दे’ आणि ‘दा’ शोधा, प्रत्येकाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि वर ‘त’ किंवा ‘ही’ लिहा. परीक्षेतही निबंध संपल्यावर याच एका कामासाठी तीन-चार मिनिटं राखून ठेवा.