‘चालेल’ आणि ‘हवंय’ यांतलं अंतर

शरीरसंबंधात विरोध न करणं आणि संमती देणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, कारण दोन्हींत ‘नाही’ ऐकू येत नाही.

हा फरक महाराष्ट्रात फार महागात शिकावा लागला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुकाट्यानं सोसणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणत उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये, अंगावर जखमा नाहीत यावर बोट ठेवून, त्यांना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात नेमकं हेच मांडलं: शरण जाण्यात संमती असतेच असं नाही. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची हवी, मग ती शब्दांतून असो वा खुणेतून. केवळ प्रतिकार झाला नाही म्हणून ती गृहीत धरता येत नाही.

इतर देशांचे कायदे यातली वेगवेगळी बाजू धरतात. जर्मनीनं २०१६ मध्ये ‘नाही म्हणजे नाही’ स्वीकारलं. तिथे नकार ओळखू येणं महत्त्वाचं. स्वीडननं २०१८ मध्ये स्वेच्छेचा सहभाग पाहायचं ठरवलं. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या कायद्यानं कॉलेजांच्या नियमांत मौन ही संमती नव्हे, असं लिहून घेतलं. आम्हाला होकार शोधणारी ही दुसरी बाजू जास्त पटते, कारण भीतीनं शरीर गोठतं आणि ‘नाही’ तोंडातून फुटतच नाही.

मराठीत तर नकार बहुधा थेट येतच नाही. ‘बघू’, ‘आज नको ना’, ‘उशीर झालाय’ हे नकारच असतात. ‘चालेल’ हा सर्वांत फसवा शब्द: तो अनेकदा नातं टिकवण्यासाठी, वाद टाळण्यासाठी उच्चारला जातो. परदेशी विद्यापीठात गेल्यावर तर ‘बघू’चं इंग्रजी ‘मेबी’ होतं आणि ऐकणारा त्यात आशा शोधतो.

म्हणून प्रश्न नीट विचारा. ‘ठीक आहे ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर सोयीचं असतं. ‘थांबूया की पुढे जाऊया?’ यात दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. विचारून झाल्यावर उत्तराची वाट पाहा. उत्तर आलं नाही, अंग आखडलं किंवा नजर वळली, तर हात थांबवा. नकारानंतर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की तो दबाव होतो. चुंबनाचा होकार पुढच्या कशालाही लागू नाही, आणि आधीचा होकार मध्येच मागे घेता येतो. दारूच्या नशेत काय चाललंय हेच कळत नसेल, तर त्या होकाराला कायद्यात किंमत नाही.

अकरावी-बारावीतली मुलं बहुतेक अठराच्या आतली असतात. तिथे मनापासूनचं ‘हवंय’ही पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली संमती ठरत नाही.