वालातली प्रथिनं आणि कमला सोहोनी

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव निघालं की गोष्ट बहुधा सर सी. व्ही. रामन यांच्या दारातच अडकते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झालेल्या कमला भागवतांनी (हे सोहोनींचं माहेरचं नाव) बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक रामन यांनी केवळ बाई म्हणून अर्ज फेटाळला. कमलाबाईंनी सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण एक वर्ष उमेदवारी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित न करणं, अशा अटींवर. वर्षभरानंतर त्यांना रीतसर विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली. (दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण.)

बंगळुरूत श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं आणि १९३६ मध्ये एमएस्सी मिळवली. कडधान्यांचा हा धागा त्यांच्याकडे पुन्हा येणार होता. मध्ये केंब्रिज आलं.

तिथे आधी डेरेक रिक्टर आणि पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर काम झालं. बटाट्यावरच्या अभ्यासात त्यांना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळलं. पेशींच्या श्वसनात ऑक्सिजनच्या दिशेने इलेक्ट्रॉन नेणारं हे प्रथिन; त्याच्याकडून ते घेऊन ऑक्सिजनला देतं सायटोक्रोम ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम). हा पुरावा मिळवणं सोपं नव्हतं. बटाटा चिरला की काळा पडतो, कारण त्यातलं फिनॉल ऑक्सिडेझ हे दुसरं विकरही ऑक्सिजन वापरतं. नुसता ऑक्सिजन किती संपला हे मोजून वनस्पतीत सायटोक्रोम ऑक्सिडेझ आहे असं म्हणता येत नाही. सायनाइडने दोन्ही विकरं बंद पडतात, त्यामुळे तीही कसोटी अपुरी. कार्बन मोनॉक्साइड दोघांनाही रोखतो. मात्र प्रकाश पाडला की सायटोक्रोम ऑक्सिडेझ पुन्हा चालू होतं, फिनॉल ऑक्सिडेझ होत नाही. हिल यांच्यासह सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेझवरचं टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. पीएचडीचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. ‘विज्ञानातली पहिली भारतीय महिला डॉक्टरेट’ हे बिरुद मात्र जपून वापरावं: जानकी अम्मल यांना मिशिगनची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी १९३१ मध्येच मिळाली होती.

१९३९ मध्ये परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज आणि मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनींशी लग्न होऊन त्या मुंबईत आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या प्राध्यापक होत्या, पुढे संचालकही झाल्या. कडधान्यं परत आली ती इथे.

१९५४ पासून त्यांच्या गटाने भारतीय खाद्यपदार्थांतल्या ट्रिप्सिनरोधकांवर लेखमाला प्रसिद्ध केली. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडाचं प्रथिनं तोडणारं विकर. ते किती रोखलं गेलं हे केसीन या दुधातल्या प्रथिनावर मोजतात: ३७ अंशांवर ट्रिप्सिन आणि केसीन एकत्र ठेवायचं, ठरावीक वेळाने ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने न पचलेलं प्रथिन खाली बसवायचं, आणि वरच्या द्रवात पचलेले तुकडे किती आले ते पाहायचं. कडधान्याचा अर्क घातल्यावर तुकडे जितके कमी, तितका रोध जास्त. १९६५ मध्ये वालातलं रक्तपेशींच्या गुठळ्या करणारं प्रथिन वेगळं काढण्याचं काम आलं. आहारात ते दिलं की उंदरांची वाढ खुंटते.

वालाच्या बिरड्याची घरगुती पद्धत या निष्कर्षांशी जुळते, पण अर्धवट पाळून चालत नाही. भिजवल्याने काही अंश पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी टाकायचं. मोड आल्याने रोधक कमी होतात, नाहीसे होत नाहीत. खरं काम ओल्या उष्णतेचं. कोरडं भाजणं तितकं उपयोगी नाही. मंद आचेवर नुसते कोमट होत राहिलेले दाणे धोक्याचे, पाण्याला खळखळून उकळी यायलाच हवी. आमसूल आधी टाकलं तर आंबटपणाने दाणा लवकर शिजत नाही, म्हणून ते शेवटी.

नीरेवरचं काम याच मुंबईतलं. त्याला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. नीरा उतरवताच आंबू लागते, कारण साखर भरपूर आणि यीस्ट हवेतूनच येतं. मडक्याला आतून चुना लावला तर रस अल्कधर्मी राहून आंबणं लांबतं, पण चुना जास्त झाला की चव जाते आणि क जीवनसत्त्वही टिकत नाही. पहाटे उतरवून थंड ठेवणंच चांगलं.

पुढे त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी या ग्राहक संघटनेत सक्रिय झाल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या.