केरॅटोकोनस वाढतोय हे कळायला कसं लागलं

केरॅटोकोनस हा डोळ्याचा आजार निघाला की कित्येकदा डॉक्टर लगेच काही करत नाहीत, सहा महिन्यांनी परत स्कॅन करू म्हणतात आणि घरच्यांना वाटतं टाळाटाळ चाललीय. पण एका स्कॅनवरून आजार आहे एवढंच कळतं, वाढतोय का ते कळायला दुसरा लागतोच.

आजार जुनाच. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखी पुढे येते, हे इंग्लंडच्या जॉन नॉटिंगहॅमनी 1854 मधेच सविस्तर लिहून ठेवलं. मोजायचं कसं हा खरा घोळ. 1880 च्या सुमारास पोर्तुगालच्या प्लासिडोनी एक तबकडी काढली, काळीपांढरी वर्तुळं आणि मधे भोक. ती पेशंटसमोर धरायची आणि भोकातून त्याच्या डोळ्यात उमटलेली वर्तुळं बघायची. नीट डोळ्यात ती गोल दिसतात, केरॅटोकोनसमधे अंड्यासारखी ओढलेली आणि बहुतेक वेळा खालच्या बाजूला दाटीवाटीने. आजही टोपोग्राफीला, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढायच्या तपासणीला, हनुवटी टेकवली की समोर चमकणारी वर्तुळं दिसतात ना, ती ह्याच तबकडीची नातवंडं!

केरॅटोमीटर हे कॉर्नियाची वक्रता मोजायचं यंत्र फक्त मधलाच छोटा भाग मोजतं, तरी बरीच वर्षं त्यावरच भागलं. नागपूरजवळच्या गावांमधल्या पाहणीत 30 वर्षांवरच्या लोकांत 2.3 टक्के केरॅटोकोनस निघाला, तो आकडा सगळीकडे फिरतो, पण तिथे निकष वक्रता 48 डायऑप्टर (हे तिचं एकक) किंवा जास्त एवढाच होता, नकाशे काढलेच नव्हते. मला तो जरा जपूनच घ्यावासा वाटतो.

1980 च्या दशकात कॉम्प्युटर आले, अमेरिकेत स्टीफन क्लाइसनी वर्तुळांवरून रंगीत नकाशे केले, लाल म्हणजे जास्त वक्र, निळा म्हणजे सपाट. मग पेंटाकॅमसारखी मशीन आली, त्यात ऑस्ट्रियाच्या शाइम्पफ्लुगचं, तिरक्या धरलेल्या कॅमेऱ्यानेही स्पष्ट फोटो काढायचं तत्त्व आहे, आणि गंमत म्हणजे त्या माणसाला हवेतून काढलेल्या फोटोंवरून जमिनीचे नकाशे करायचे होते! ह्यामुळे कॉर्नियाची मागची बाजू आणि जागोजागची जाडी कळायला लागली, आणि पहिला फरक बऱ्याचदा मागच्या बाजूलाच दिसतो.

तोवर वाढ मोजून करणार तरी काय होते? अमेरिकेत 1995 पासून 1209 पेशंट वर्षानुवर्षं तपासले, पण तेव्हा हातात चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स नाहीतर कॉर्निया बदलणं एवढंच. जर्मनीत ड्रेस्डेनच्या टीमचा क्रॉसलिंकिंगचा पेपर 2003 ला आला, त्यात रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरणं वापरून वाढ थांबवली, आणि तेव्हापासून ‘वाढलाय का’ ह्या प्रश्नावर ट्रीटमेंट ठरायला लागली.

वर्षात सगळ्यात वक्र जागा 1 डायऑप्टरने वाढली तर वाढ धरायची असं बरेच जण मानतात, पण शंकू जास्त पुढे आलेल्या डोळ्यात एकाच दिवशी दोनदा मोजलं तरी तेवढा फरक येऊ शकतो. म्हणून 2015 मधे जगभरच्या तज्ज्ञांनी पुढची वक्रता, मागची वक्रता आणि जाडी ह्यातल्या निदान दोन गोष्टी बिघडल्या पाहिजेत असं ठरवलं. दोन वेगळ्या मशीनचे आकडे शेजारीशेजारी लावून चालत नाहीत, आणि लेन्स काही दिवस आधी काढून ठेवली नाही तर कॉर्निया दाबला जाऊन आकडाच खोटा येतो.